आधी लेन्स, मग कॅमेरा

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत काटकसरीने शिल्लक टाकून, प्रसंगी हप्त्याने कर्ज उचलून, ज्या तरुणाने ४५ किंवा ६१ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेण्याचा निश्चय केला आहे, त्याने त्या रकमेचा मोठा हिस्सा प्रथम टेलिफोटो लेन्सकरिता राखून ठेवावा, ती लेन्स स्वतःच्या डोळ्यांनी पारखून घ्यावी आणि उरलेल्या पैशांत बसेल तोच कॅमेरा पसंत करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानांतील फलक आणि जाहिराती नेमका याच्या उलट क्रम सांगतात. मेगापिक्सेलचा आकडा ठळक अक्षरांत छापता येतो, तर लेन्सचा गुण असा एका आकड्यात मावत नाही. परंतु ज्याच्या गाठीला पैसा मोजकाच आहे आणि ज्याला एकदा चुकलेली खरेदी पुढील चार-पाच वर्षे निमूटपणे निभावून न्यावी लागणार आहे, त्याला ही गोष्ट कोणीतरी खुलासेवार सांगितली पाहिजे.

हे सांगण्याचे निमित्त आमच्या मुलखातच आहे. उल्हासनगर कॅम्प १ मध्ये राहणाऱ्या माणसाला एका अंगाला शहाड आणि उल्हास नदी, तर दुसऱ्या अंगाला वालधुनीच्या काठाने अंबरनाथ व पुढे बदलापूर असा प्रदेश लाभलेला आहे. महायुद्धकाळातील लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांनी संसार थाटले आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या बराकी एकामागून एक पाडल्या जाऊन तेथे आता इमारती उभ्या आहेत, आणि पाडण्यापूर्वी त्यांची नीट छायाचित्रे घेऊन ठेवावीत असे फारच थोड्यांना सुचले. रविवारी पहाटे कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये पाठीवर कॅमेऱ्याची पिशवी घेतलेली मुले हल्ली हटकून दिसतात. कोणी बारवी धरणाच्या जंगलाकडे निघालेला असतो, कोणी कोंडेश्वराकडे, तर कोणी बदलापूरच्या भातखाचरांवर एका जागी पंख फडफडवत तरंगणारी कापशी घार टिपायला. या मुलांचा उत्साह मला मोलाचा वाटतो. तो चुकीच्या खरेदीने वाया जाऊ नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

टेलिफोटो लेन्स म्हणजे पक्षी टिपण्याचे साधन, अशी समजूत सार्वत्रिक आहे. परंतु आमच्या भागात तिचा सर्वांत सार्थ उपयोग एका देवळासाठी होऊ शकतो. वालधुनीच्या काठचे अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० मधील असून शिलाहार राजा मुम्मुणी याच्या कारकिर्दीतील शिलालेख त्या देवळातच आहे. भूमिज पद्धतीच्या या देवळाच्या भिंती इतक्या कोनाकोनांनी दुमडत गेल्या आहेत की सपाट अशी जागा क्वचितच सापडते, आणि प्रत्येक कोनावर देवदेवता, सुरसुंदरी, गजथर व वेलबुट्टी यांची दाटी आहे. शिखराचा माथा आज शाबूत नाही. पण त्याच्या चारही बाजूंवरून उतरत आलेले नक्षीचे पट्टे आणि त्यांच्यामधील लहान लहान शिखरांच्या ओळी अद्याप पुष्कळ अंशी टिकून आहेत. भाविक खाली उभा राहून वर पाहतो, तेव्हा त्याला काळ्या पाषाणाचा एक खडबडीत डोंगर दिसतो. छिन्नीचा घाव कोठे संपला, कोणत्या मूर्तीचा हात तुटला, कोठे दगडाचा पापुद्रा सुटू लागला, हे उघड्या डोळ्यांना मुळीच कळत नाही. १८६८ साली मुंबई सरकारच्या हुकुमाने तेथील कलाशाळेच्या मंडळींनी या देवळाची रेखाचित्रे, छायाचित्रे व शिल्पांचे साचे तयार केले, तेव्हा किती सायास पडले असतील याची कल्पना करावी. आज तेच काम जमिनीवर उभे राहून, देवळाला बोटही न लावता करता येण्याजोगे आहे. अट एवढीच की लेन्स त्या तोलाची हवी.

तोल कसा पाहायचा, हे थोड्या हिशेबाने स्पष्ट होते. ६१ मेगापिक्सेलच्या पूर्ण आकाराच्या सेन्सरवर प्रत्येक बिंदूची रुंदी सुमारे ३.७६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पावणेचार पट भरते. अशा कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटरची लेन्स लावून २० मीटरवरच्या शिल्पाकडे रोखले, तर सेन्सरवरील एक बिंदू म्हणजे पाषाणावरील सुमारे ०.२ मिलिमीटर! छिन्नीच्या पात्याने सोडलेली रेघ यात सहज उतरावी. परंतु हे झाले कागदावरचे गणित. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर हाच आकडा ०.३ मिलिमीटर येतो. म्हणजे बिंदूंची संख्या अडीचपटीहून अधिक वाढली, तरी बारकावा टिपण्याची शक्ती एका दिशेत जेमतेम १.६ पट वाढली. संख्या क्षेत्रफळाने वाढते आणि बारकावा लांबीने, हा भेद जाहिरातीत कधी सांगितला जात नाही. आणि ही १.६ पट वाढसुद्धा पदरात पडते ती लेन्सने तेवढा बारकावा सेन्सरपर्यंत पोहोचविला तरच. चाळणी बारीक आणली म्हणून भरड दळलेले पीठ मऊ होत नाही. सामान्य प्रतीच्या लेन्सने पाठविलेली धूसर प्रतिमा ६१ मेगापिक्सेलचा सेन्सर अधिक तपशिलाने धूसर नोंदवितो, आणि वर साठवणुकीचा खर्च दुप्पट-अडीचपट करून ठेवतो.

लांब पल्ल्याची लेन्स चांगली करणे मुळातच कठीण असते. पुढे बहिर्गोल भिंगांचा संच आणि मागे अंतर्गोल भिंगांचा, अशी जोडणी करून लेन्सची नळी तिच्या केंद्रांतराहून आखूड करण्याची युक्ती १८९१ साली इंग्लंडात डॅलमायर यांनी आणि जर्मनीत श्टाइनहाइल व मीटे यांनी जवळजवळ एकाच वेळी सिद्ध केली. आजची प्रत्येक टेलिफोटो लेन्स त्या युक्तीची वारसदार आहे. पण काच निरनिराळ्या रंगांचे किरण निरनिराळ्या कोनांत वळविते, आणि केंद्रांतर जितके मोठे तितका हा रंगदोष ठळक होतो. त्याला आळा घालण्याकरिता फ्लोराइटचे स्फटिक किंवा अत्यल्प अपस्करणाची विशेष काच वापरावी लागते. कॅननने १९६९ साली कृत्रिम फ्लोराइटचे भिंग घातलेली ३०० मिलिमीटरची लेन्स बाजारात आणली, तेव्हापासून या वाटेने पुष्कळ प्रगती झाली, परंतु ती सामग्री स्वस्त झालेली नाही. लेन्सची किंमत वाढते ती बहुतांशी येथेच. रंगदोष पाहायचा असेल तर अंबरनाथच्या शिखरासारखी कठोर परीक्षा दुसरी नाही: पांढुरक्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळ्या दगडाची कड धरावी, चित्र संगणकावर पूर्ण आकारात उघडावे, आणि त्या कडेला जांभळी वा हिरवी किनार दिसते का ते शांतपणे न्याहाळावे. जिथे किनार दिसेल, तिथे बारकावाही तेवढाच गेला असे खुशाल समजावे.

यानंतर प्रश्न येतो छिद्राचा, म्हणजे ज्याला सर्वजण अॅपर्चर म्हणतात त्याचा. जुने जाणते छायाचित्रकार सांगत की लेन्स दोन पायऱ्या बंद केली की ती शार्प होते, आणि फिल्मच्या काळी ते बरोबरही होते. परंतु छिद्र लहान होत गेले की प्रकाशाच्या विवर्तनाने प्रत्येक बिंदूची एक लहानशी चकती बनते. तिचा व्यास एफ ५.६ ला सुमारे ७.५ मायक्रॉन, एफ ८ ला १०.७, तर एफ ११ ला १४.८ मायक्रॉन भरतो. ६१ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर ही शेवटची चकती जवळजवळ चार बिंदूंची रुंदी व्यापते. सबब अशा कॅमेऱ्यासाठी घ्यावयाची लेन्स पूर्ण उघड्या छिद्रावर, किंवा फार तर एक पायरी बंद केल्यावर, अव्वल चित्र देणारी पाहिजे. एफ ११ पर्यंत बंद केल्यावरच जी सावरते, तिच्यावर एवढ्या मेगापिक्सेलचा खर्च व्यर्थ आहे. दुप्पट पल्ल्याचा टेलिकन्व्हर्टर एफ ५.६ च्या लेन्सला थेट एफ ११ वर नेतो, हेही येथेच लक्षात ठेवावे. पल्ला वाढविण्याचा तो स्वस्त उपाय दिसतो खरा, पण बहुधा महाग पडतो.

आता पारखण्याची गोष्ट. आपापल्या लेन्स किती बारकावा टिपतात याचे आलेख कंपन्या प्रसिद्ध करतात, आणि ते अगदी निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. परंतु त्यांत बहुधा मिलिमीटरला १० आणि ३० काळ्या-पांढऱ्या रेषाजोड्यांपुरतीच माहिती असते, तर ६१ मेगापिक्सेलच्या सेन्सरची मर्यादा १३० रेषाजोड्यांच्याही पलीकडे आहे. शिवाय काही मातबर कंपन्यांचे आलेख गणिताने काढलेले असतात. प्रत्यक्ष तयार झालेल्या नगावर घेतलेल्या मोजणीचे ते नसतात. आणि आपण विकत घेतो तो आलेख नव्हे, एक विशिष्ट नग घेतो. पंधरा-वीस भिंगे एका नळीत बसविताना त्यांपैकी एखादे केसभर कलले, तरी चित्राची एक बाजू शार्प आणि दुसरी मंद येते. एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन लेन्स शेजारी ठेवून पाहिल्या तर हा फरक साध्या डोळ्यांनाही कळू शकतो.

यावर उपाय घरच्या घरी करता येतो. छोट्या जाहिरातींची वर्तमानपत्राची पाने घेऊन ती भिंतीवर भरपूर उजेडात, सुरकुती राहू न देता, इतक्या रुंदीत चिकटवावीत की चौकटीचे चारही कोपरे अक्षरांनी भरून जातील. कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीशी अगदी समांतर बसवावा, कंप रोखणारी यंत्रणा बंद करावी, पडद्यावर प्रतिमा मोठी करून मधल्या अक्षरांवर फोकस धरावा, आणि बोटाचा धक्का लागू नये म्हणून टायमरने, पूर्ण उघड्या छिद्रावर चित्र घ्यावे. मग चारही कोपऱ्यांतील बारीक टाइप एकमेकांशी ताडून पाहावा. चारही कोपरे मध्यापेक्षा थोडे मंद असतील तर त्यात गैर काही नाही, तो त्या रचनेचा स्वभाव आहे; परंतु तीन कोपऱ्यांत दूरध्वनी क्रमांक वाचता येतात आणि चौथ्यात आठ व शून्य यांतला भेद कळेनासा होतो, असे आढळले आणि फोकस पुन्हा धरूनही तेच घडले, तर तो नग परत करावा. हीच परीक्षा दूरच्या एखाद्या इमारतीच्या जाळीवरही घ्यावी, कारण जवळ उत्तम असणारी लेन्स दूर तशीच असेल असे नसते. एका दुकानात मला खोके उघडण्यापूर्वी पूर्ण रक्कम भरण्यास सांगण्यात आले, आणि नंतर तक्रार ऐकली जाणार नाही असेही बजावण्यात आले. मी लेन्स न घेता परतलो, आणि कोणीही असेच करावे. दीड-दोन लाख रुपयांची वस्तू न पाहता घ्या असे सांगण्याचा अधिकार विक्रेत्याला नाही.

सर्वांत उपेक्षिला जाणारा विषय हवेचा आहे. ४०० मिलिमीटर आणि ६१ मेगापिक्सेल या जोडीत एक बिंदू म्हणजे एका अंशाचे सुमारे साडेअठराशे भाग केले असता त्यातील एक. इतक्या सूक्ष्म कोनात तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवेची थरथर सहज मिसळून जाते. एप्रिलच्या दुपारी अंबरनाथहून मलंगगडाकडे लांब लेन्स रोखून कॅमेऱ्याच्या पडद्यावर प्रतिमा मोठी करावी: डोंगराची कड पाण्यातल्या सावलीसारखी हलताना दिसते, आणि १० लाखांच्या पुढची लेन्सही तिला स्थिर करू शकत नाही. डांबरी रस्ता, पत्र्याची छपरे, रेल्वेचे रूळ यांच्या वरून पाहिले तर शे-दोनशे मीटरवरही हेच घडते. म्हणून आमच्या भागात ६०० किंवा ८०० मिलिमीटरचा हव्यास धरणाऱ्याला मी आग्रहाने सांगेन की दूरचे चित्र लांब लेन्सने सुधारत नाही, जवळ गेल्याने आणि पहाटे उठल्याने सुधारते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील सूर्योदयानंतरचा तास-दीड तास, पाण्याच्या किंवा भिजलेल्या खाचराच्या बाजूने, आणि विषय ३० मीटरच्या आत: या अटी पाळल्या तर ४०० मिलिमीटर पुरते, आणि पुष्कळदा ३०० सुद्धा.

वजनाचाही विचार याच अनुषंगाने करावा. सोनीची २००-६०० मिलिमीटरची झूम ट्रायपॉडच्या पट्ट्याविना २,११५ ग्रॅम भरते. निकॉनची २०१८ सालची ५०० मिलिमीटर, एफ ५.६ ची लेन्स विशेष फ्रेनेल भिंगामुळे १,४६० ग्रॅमवर आली. कॅननची १९९३ साली आलेली ४०० मिलिमीटर, एफ ५.६ ची लेन्स १,२५० ग्रॅमची आहे. बदलापूर लोकलच्या गर्दीत उभ्याने प्रवास करून, पुढे तास-दोन तास पायपीट करून, मग दोन किलोंचे नळकांडे हातांत स्थिर धरणे ज्याला जमेल त्याने ते खुशाल घ्यावे; बाकीच्यांचे हात थकतात, आणि थकलेल्या हाताने आलेला कंप लेन्सच्या माथी मारला जातो. जुना दंडक असा की ४०० मिलिमीटरला शटर सेकंदाच्या चारशेव्या भागाहून मंद नसावे. एवढ्या मेगापिक्सेलवर तो दुप्पट कडक धरून आठशेवा किंवा हजारावा भाग ठेवावा. देवळासारख्या स्थिर विषयाला ट्रायपॉड उत्तम, परंतु संरक्षित स्मारकाच्या आवारात तो लावण्यासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी आगाऊ घ्यावी लागते; ती नसेल तेव्हा कंप शोषणारी यंत्रणा कामी येते. पंख हलवणाऱ्या पक्ष्यापुढे मात्र ती यंत्रणा हतबल आहे, तेथे वेगवान शटरच पाहिजे.

पावसाळ्याचा बंदोबस्त हा आमच्याकडे खरेदीचाच भाग मानावा. जून ते सप्टेंबर या काळात बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सच्या आतील भिंगांवर बुरशीची जाळी धरते, आणि ती खोल रुजली की भिंगाचा लेप कायमचा जातो. सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर राखणारे विजेचे कपाट घ्यावे. ते न परवडल्यास घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रतामापक यांवर भागवावे, आणि जेल दर पंधरवड्याला तापवून कोरडे करावे. झूम फिरविताना लांबणारी नळी बाहेरची दमट, धुळकट हवा आत ओढते, म्हणून एकाच पल्ल्याची किंवा आतल्या आत झूम होणारी लेन्स मला या हवामानात अधिक भरवशाची वाटते.

एवढा विचार करून माझा कौल असा: ज्याचे अंदाजपत्रक बेताचे आहे, त्याने वर सांगितलेल्या ४०० मिलिमीटरसारखी एकाच पल्ल्याची जुनी पण नीट पारखलेली लेन्स, पक्की पावती आणि बुरशीची खातरजमा करून, वापरलेली घ्यावी. तिच्यात कंप शोषणारी यंत्रणा नाही, पण नव्या कॅमेऱ्यांच्या अंगातच ती पुष्कळदा असते. सोबत २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा चालेल. पुढे पैसे साठले की कॅमेरा बदलता येतो. चांगली लेन्स वीस-पंचवीस वर्षे काम देते.

आणि ज्याला एवढेही परवडणार नाही, त्याच्या बाबतीत समाजाची काही जबाबदारी आहे. उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ नगरपरिषद आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद यांनी, किंवा त्यांना ते जमत नसेल तर उल्हासनगरच्या चांदीबाई आणि तलरेजा या महाविद्यालयांनी, एक अव्वल टेलिफोटो लेन्स, तिला साजेसा कॅमेरा आणि एक मजबूत ट्रायपॉड विकत घेऊन ते ग्रंथालयात पुस्तकांप्रमाणे नोंदवावेत, अनामत घेऊन तरुणांना ठरावीक मुदतीकरिता द्यावेत, आणि त्या बदल्यात त्यांच्याकडून शिवमंदिराच्या प्रत्येक भिंतीची, उल्हासच्या पाणपक्ष्यांची आणि उरल्यासुरल्या बराकींची चित्रे तारखेसह जमा करून घ्यावीत. पुरातत्त्व खात्याकडे ट्रायपॉडच्या परवानगीसाठी एकत्रित अर्ज केल्यास ही मोहीम येत्या हिवाळ्यात सुरू होऊ शकेल. ज्या वाचकांचा या संस्थांशी संबंध आहे, त्यांनी ही सूचना पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर आणावी, अशी माझी विनंती आहे.